‘फस’ नावाचा निकाल

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत एक विधान वरचेवर ऐकू येते, आणि ते करणारा गृहस्थ बहुधा चांगला शिकलेला, इंग्रजी मसुदा लिहिण्यात हातखंडा असलेला असतो. इंग्रजीतल्या ‘फस’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्दच नाही, असे ते विधान होय. आपल्या ‘फसणे’ या क्रियापदाशी या ‘फस’चा काही संबंध नाही. क्षुल्लक कारणावरून अवाजवी धावपळ, आरडाओरडा किंवा कुरकुर करणे, असा त्याचा स्थूल अर्थ. मग हे गृहस्थ बोटे मोडून इंग्रजीचे वैभव सांगू लागतात. ‘फस’ वेगळा, ‘अडू’ वेगळा, ‘टु-डू’ वेगळा. ‘राउ’ निराळा, ‘सीन’ निराळा, ‘हलाबलू’ आणि ‘कर्फफल’ तर त्याहून निराळे! आणि आमच्याकडे काय? एक ‘गोंधळ’. इंग्रज मनुष्य विवेकाने मोजून बोलतो, मराठी मनुष्य नुसता गोंधळ घालतो, येथवर हा युक्तिवाद सुखाने येऊन पोहोचतो आणि चहाचा दुसरा पेला मागवला जातो.

या युक्तिवादाचा आम्हांस साफ निषेध करावयाचा आहे. केवळ मायबोलीच्या अभिमानापोटी असता तर हा प्रपंच आम्ही केला नसता. परंतु आपण मंडळी जेथे बसतो, तेथे शब्दावर माणसाचे काम अडते किंवा पुढे सरकते. कोणाच्या ओरडण्याला कोणते नाव द्यावयाचे, हा आपल्यापुरता व्याकरणाचा प्रश्न उरत नाही; तो न्यायाचा प्रश्न होतो.

प्रथम इंग्रजीचे देणे चुकते करू. छटा आहेत, आणि त्या मोठ्या सुरेख आहेत. एखाद्या गोष्टी‘विषयी’ फस केला तर ती निंदा. पण एखाद्या माणसा‘वर’ फस केला तर ते कौतुक. आजी नातवाला तीनदा स्वेटर घालते आणि चारदा दूध पाजू पाहते, तो हा दुसरा फस. ‘अडू’ हा शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘करावयाचे काम’ एवढाच; ‘टु-डू’ त्याचाच सख्खा भाऊ. कामाची धांदल वाढता वाढता कामच नाहीसे झाले आणि धांदल तेवढी उरली, ही या शब्दांची कहाणी. शेक्सपिअरने १५९८-९९ च्या सुमारास लिहिलेल्या एका नाटकाच्या नावातच हा ‘अडू’ आणि त्याचे शून्य कारण एकत्र बसवले आहेत. ‘राउ’मध्ये दोन पक्षांचे भांडण लागते, एकट्याने ‘फस’ करता येतो, ‘राउ’ला समोर कोणीतरी हवे. ‘कर्फफल’ स्कॉटलंडकडचा, त्यात कपडे, कागद, माणसे सारीच विस्कटलेली दिसतात. ‘सीन’ रंगभूमीवरून आला. तो करणारा मनुष्य नट आणि भोवतालचे सारे प्रेक्षक ठरतात. वादळ इंग्रजांच्या चहाच्या पेल्यात होते आणि अमेरिकनांच्या चहाच्या किटलीत. आपल्याकडे पेल्यातलेच आले आणि आता ते आपलेच वाटते.

हे सारे मान्य. पण या माळेत एक दोरा आरपार गेलेला आहे, तो आपल्या विद्वान मित्रांच्या नजरेस पडत नाही. यांतील बहुतेक शब्द ओरडणाऱ्याचे नव्हेत, ऐकणाऱ्याचे आहेत. ‘मला फस करावयाचा नाही’, असे इंग्रज मनुष्य स्वतःविषयी शंभरदा म्हणेल. ‘मी आता फस करीत आहे’, असे गंभीरपणे म्हणणारा विरळा. ज्याचा पाय चिरडला गेला आहे तो आपल्या ओरडण्याला ‘फस’ म्हणत नाही. तो शब्द शेजारच्या खोलीत झोपमोड झालेल्या माणसाचा असतो. ‘फस’ या शब्दात आवाजाचे वर्णन थोडे आणि निकाल फार आहे. कारण क्षुल्लक आहे आणि आवाज अवाजवी आहे, या दोन्ही गोष्टी त्यात आधीच ठरवून टाकलेल्या असतात. आणि ठरवणारा बहुधा तोच असतो, ज्याला तो आवाज गैरसोयीचा वाटत असतो.

हा आमचा कुतर्क वाटत असेल, तर या जातीच्या काही शब्दांच्या कुळकथा तपासाव्यात. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे नाव म्हणजे काय? करबलेच्या रणात इ. स. ६८० मध्ये हुतात्मा झालेल्या हुसेनाचा शोक मोहरमात करताना, छाती पिटून, ‘या हसन! या हुसेन!’ असा जो आक्रोश होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानी पडला. त्यांनी त्याचे हॉब्सन आणि जॉब्सन असे दोन इंग्रज बनवले, आणि नेटिवांच्या सणासुदीच्या गलबल्याला ते नाव देऊन टाकले. बाराशे वर्षांचा शोक एका थट्टेत विरून गेला! हिंदुस्थानातल्या गोऱ्या मंडळींचा दुसरा शब्द ‘बॉबरी’, म्हणजे आरडाओरडा, दंगा. तो आपल्या ‘बाप रे’चा अवतार आहे. मार खाणारा किंवा घाबरलेला मनुष्य बापाचे नाव घेत होता. साहेबाच्या कानी दंगा तेवढा पोहोचला. तिसरा शब्द ‘पलाव्हर’. पोर्तुगीज भाषेत ‘पलाव्रा’ म्हणजे शब्द. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खलाशी आणि तेथील लोक यांच्यात ज्या वाटाघाटी चालत, त्यांना हे नाव पडले; इंग्रजीत येऊन त्याचा अर्थ पोकळ बडबड आणि नसती यातायात असा झाला. आफ्रिकेच्या माणसाने आपल्या मालाची, आपल्या हक्काची जी बाजू मांडली, ती ऐकणाऱ्याच्या लेखी बडबड ठरली. दूरच कशाला जावे? ‘बेडलम’ म्हणजे कल्लोळ. तो शब्द लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून आला. १२४७ मध्ये मठ म्हणून स्थापन झालेल्या त्या संस्थेत पुढे मनोरुग्ण ठेवले जाऊ लागले, आणि एके काळी लंडनचे लोक त्यांना पाहावयास करमणुकीखातर जात. त्या रुग्णांच्या किंकाळ्या आज शाळेतल्या मुलांच्या गलक्याला नाव पुरवीत आहेत.

शोक, भीती, वाटाघाट, वेदना, या चार वेगवेगळ्या गोष्टी. पण ऐकणाऱ्याला भाषा कळली नाही, किंवा कळून घ्यावयाची नव्हती, आणि चारींचा अर्थ एकच झाला.

येथे कोणी म्हणेल, इंग्रजांना नावे ठेवणे सोपे आहे. मराठीचा कान काय मोठा न्यायी आहे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. ‘गोंधळ’ हे भवानीच्या आराधनेचे नाव. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन रात्रभर जागणारा गोंधळी देवीची कथा सांगतो. आणि आपण सुशिक्षितांनी त्याच्या उपासनेला अव्यवस्थेचे नाव करून ठेवले. लोकांना खिळवून ठेवणाऱ्या ‘तमाशा’चेही तेच केले, ‘तमाशा करू नकोस’ हे वाक्य घराघरात आहे, आणि हाच शब्द त्याच अर्थाने इंग्रजांनीही उचलला. लंडनच्या बिलिंग्जगेट नामक मासळीबाजारावरून इंग्रजीत शिवराळ भाषेला नाव पडले, तर वर्गात गलका झाला की आपला मास्तरही ‘हा काय मासळीबाजार आहे?’ म्हणून विचारतो. पहाटेपासून उभे राहून टोपली खपवणाऱ्या बाईचा आवाज दोन्ही भाषांतल्या बसलेल्या माणसांना सारखाच खुपला. तेव्हा दोष एका भाषेचा नाही. तो बसलेल्या माणसाच्या कानाचा आहे, आणि आपण मंडळी बसलेली आहोत.

परंतु मराठीच्या पदरी एक गुण आहे, जो विसरून तिची हेटाळणी चालते. ‘फस’ला मराठीत एक शब्द नाही हे खरे, कारण मराठी विचारते, कसला? चोराने आपली चोरी झाकण्यासाठी दुसऱ्यावर आळ घेऊन केलेला आरडाओरडा असेल तर तो ‘कांगावा’. त्याची म्हणही तयार आहे, चोराच्या उलट्या बोंबा. मुलांच्या बोलीत लहानशा लागण्याखुपण्याला ‘बाऊ’ म्हणतात. मोठ्या माणसाने लहान दुखणे मोठे केले तर तो ‘बाऊ करणे’. रागाने पाय आपटले तर ‘थयथयाट’, त्याच्याही पलीकडे गेले तर ‘आकांडतांडव’. झाकावयाची गोष्ट चारचौघांत गेली की ‘बोभाटा’; मिरवावयाची गोष्ट वाजतगाजत नेली की ‘गाजावाजा’. देखाव्याचा पसारा ‘अवडंबर’, एखाद्या गोष्टीचे फाजील माहात्म्य ‘स्तोम’, दुसऱ्याच्या कामात विनाकारण केलेली खटपट ‘नसती उठाठेव’. थांबून थांबून होणारी ती ‘कुरकुर’, कानाशी अखंड चालणारी ती ‘भुणभुण’. आणि यांच्या पलीकडे, अगदी वेगळ्या ओळीत, ‘आक्रोश’ आणि ‘टाहो’ उभे आहेत. टाहो खोटा असत नाही. ज्याने ‘टाहो फोडला’ असे म्हटले, त्याने दुःख खरे असल्याचे मान्य केले.

हा भेद नीट पाहावा. ‘कांगावा’ म्हणावयाचे तर बोलणाऱ्याला आधी ठरवावे लागते की ओरडणारा खोटा आहे; ‘टाहो’ म्हणावयाचे तर ठरवावे लागते की तो खरा आहे; ‘बाऊ’ म्हणावयाचे तर मान्य करावे लागते की काही लागले आहे खरे, पण थोडे. म्हणजे नाव देण्यापूर्वी चौकशी करावी लागते, आणि नाव दिल्यावर त्याची जबाबदारी शिरावर येते. ‘फस’ या शब्दाची सोय अशी की चौकशी करावी लागत नाही. खरे की खोटे, थोडे की फार, हे काही न पाहता मनुष्य मोकळा होतो. आपल्या विद्वान मित्रांना जी मराठीची उणीव वाटते, तीच तिची नीती आहे. आणि इंग्रजीलाही तिचे न्याय्य शब्द आहेत. पण आपण तिच्या भांडारातून नेमका हा आळशी शब्द उचलून आणला, हा आपला पराक्रम!

कोणी म्हणेल, ओरडणाऱ्यांचे इतके लाड कशास? शहाण्याने हळू बोलावे, अर्ज द्यावा आणि वाट पाहावी. या उपदेशकांनी कायद्याचा इतिहास पाहावा. ‘ह्यू अँड क्राय’ हा शब्दप्रयोग आज आपण ‘नुसती हाकाटी’ या अर्थाने कुत्सितपणे वापरतो. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्यात तो प्रजेचा धर्म होता. गुन्हा दिसताच ओरडावयाचे, ओरड ऐकणाऱ्याने चोराच्या मागे धावावयाचे, आणि चोर हाती लागला नाही तर त्या टापूतल्या सर्वांनी नुकसानीचे उत्तर द्यावयाचे. ओरडणे गुन्हा नव्हता, ऐकून बसून राहणे हा दोष होता. खोटी ओरड करणाऱ्यालाही शासन होते. पण खरेखोटे पुढे ठरे, आधी धावावे लागे. या जुन्या अर्थाची एक खूण आजही आहे. दिल्लीच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या माणसांविषयी पोलिसांच्या ज्या जाहिराती येतात, त्यांचे शीर्षक ‘ह्यू अँड क्राय नोटीस’ असेच असते. तेथे तो शब्द थट्टेचा नाही. कोणाचे तरी मूल हरवलेले असते.

आणि आपले शब्द? ‘फिर्याद’ हा फारसी ‘फर्याद’; त्याचा अर्थच मुळी साहाय्यासाठी फोडलेली किंकाळी. न्यायालयाच्या दारी जाणारा प्रत्येक फिर्यादी शब्दार्थाने ओरडणारा मनुष्य आहे. ‘तक्रार’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ती, तेच ते पुन्हा सांगणे. पहिल्या खेपेस कोणी ऐकले असते तर पुन्हा सांगण्याची पाळी आली नसती, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘हा मनुष्य तेच तेच सांगतो’ असा शेरा मारून जो कारकून अर्ज बाजूस सारतो, त्याने तक्रारीची व्याख्याच लिहिलेली असते, फक्त त्याला ती कळलेली नसते. कोकणात देवापुढे जे मांडतात त्यालाही ‘गाऱ्हाणे’ म्हणतात, आणि देव ते ‘फस’ म्हणून परत करतो असे आम्ही ऐकलेले नाही.

शब्दाच्या छटेत केवढे राजकारण दडलेले असते, याचा एक धडा मराठी माणसाला तोंडपाठ असावयास हवा. लंडनच्या ‘टाइम्स’चा लेखक व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० मध्ये ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक काढले आणि त्यात टिळकांना त्या ‘अनरेस्ट’चे जनकत्व बहाल केले. इंग्रजीतला ‘अनरेस्ट’ म्हणजे चुळबुळ, अस्वस्थता, शांततेचा भंग. रोगी तापात कुशी पालटतो तशी. तिला ताप असतो, तक्रार नसते. चिरोलचा हेतू दूषण देण्याचा होता, आणि टिळकांनी त्याच्यावर लंडनात भरलेला बेअब्रूचा दावा १९१९ मध्ये फेटाळला गेला. पण मराठी माणसाने काय केले? त्याने ‘अनरेस्ट’चे भाषांतर ‘चुळबुळ’ किंवा ‘गडबड’ असे केले नाही. त्याने ‘असंतोष’ हा शब्द योजला. संतोष नाही म्हणजे त्याला कारण आहे. असंतुष्ट माणसाला ‘का?’ असे विचारावे लागते. या एका शब्दाने दूषणाची पदवी झाली, आणि ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे बिरुद आपण आजतागायत आदराने उच्चारतो. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी शत्रूच्या शब्दाला असे नमवले, त्यांनीच आज शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या दुःखाला ‘अननेसेसरी फस’ म्हणावे, याला काय म्हणावे?

आता थोडे आपल्या कचेऱ्यांकडे वळू. निवृत्त मनुष्य अडकलेल्या निवृत्तिवेतनाविषयी तिसऱ्यांदा विचारावयास येतो. तो ‘फस’ करतो. महिला कर्मचारी वरिष्ठाच्या वर्तनाविषयी तोंड उघडते; ती ‘सीन’ करते. म्हणजे ती नटी आणि आपण प्रेक्षक. तिला लाज वाटावी, वरिष्ठाला नव्हे. शब्द थोडा वैद्यकीय हवा असेल तर ‘हिस्टेरिकल’ तयार आहे. ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून तो आला, म्हणजे बाईने बाई असण्याचाच तो रोग! खालचा नोकर रजेचा हक्क मागतो. तो ‘इश्यू करतो’. आणि हे तिघे निघून गेल्यावर आपण काय करतो? एका कागदासाठी तीन प्रती मागतो, तिसऱ्या प्रतीवर पहिल्या प्रतीचा क्रमांक घालावयास सांगतो, क्रमांक नसल्याबद्दल कागद परत पाठवतो. याला आपल्या भाषेत ‘प्रोसीजर’ म्हणतात. मराठीत याला फार चपखल शब्द आहे, ‘सव्यापसव्य’. श्राद्धात जानवे कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या खांद्यावर घ्यावे लागते, त्यावरून तो आला. ज्याचे पितर तृप्त व्हावयाचे त्याने हे सव्यापसव्य जरूर करावे; पण जिवंत माणसाला ते करावयास लावून वर त्यालाच ‘फस करू नका’ म्हणून बजावणे, हा कांगावा झाला. आम्ही हा शब्द चौकशी करून वापरीत आहोत. टिप्पणी लिहिणे हा आमचा रोजचा व्यवसाय असल्याने ही चौकशी आम्हांस लांब जाऊन करावी लागली नाही.

शेवटचा आक्षेप असा येईल की, आपली टिप्पणी तर इंग्रजीत नाहीतर हिंदीत असते. तेथे कांगावा आणि टाहो यांचा काय उपयोग? उपयोग आहे. लेखणी कागदाला लागण्यापूर्वी शब्द मनात उमटतो. ज्याच्या मनात ‘कांगावा’ आणि ‘टाहो’ असे दोन कप्पे आहेत, तो इंग्रजीत लिहितानाही तक्रार निराधार आहे की साधार, एवढे तरी लिहील. ज्याच्या मनात एकच ‘फस’ आहे, तो काहीच लिहिणार नाही. तो फक्त फाईल बंद करील. म्हणून आम्ही आमच्या बंधुभगिनींना एवढेच सुचवतो. कोणाच्या आवाजाला नाव देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: काय घडले? नुकसान किती झाले? आवाज किती झाला? पहिल्या दोहोंचे उत्तर ज्याने मिळवले नाही, त्याला तिसऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही. तोवर त्या आवाजाला तक्रार म्हणावे, गाऱ्हाणे म्हणावे, फिर्याद म्हणावे. चौकशीअंती तो खोटा ठरला तर खुशाल कांगावा म्हणावे आणि खाली सही करावी.

आणि ‘फस’? तो शब्द आजीसाठी राखून ठेवावा. नातवाला चौथ्यांदा दूध पाजणे हा त्याचा सर्वांत चांगला अर्थ आहे. आणि त्या अर्थाने कोणी आपल्यावर फस केला, तर परमुलखात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणाचीही तक्रार असणार नाही.